गच्चीची कडी आणि एकाग्रतेचा वर्ग

आमच्या घरात मुलांना लक्ष द्यायची सवय लावण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यामुळेच उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी माझे यजमान आणि माझे व्याही असे दोन ज्येष्ठ नागरिक दीड तास गच्चीवर अडकून पडले.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी तरुण होते. त्रेसष्टावं चालू होतं. (आता एकोणसत्तर आहे. थोडी अक्कल आलीय असं वाटलं म्हणून लिहायला बसले.) एका कॉलेजच्या ग्रंथालयातून रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. तेहेतीस वर्षं मी टेबलामागे बसून माणसांना गप्प केलं. कुणाची खुर्ची करकरली तरी मी चष्म्यावरून असं बघायची, की तो बिचारा उरलेला दिवस श्वासही जपून घ्यायचा. त्यामुळे लक्ष म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं अशी परिस्थितीच नव्हती. मान खाली, तोंड बंद. झालं लक्ष!

माझ्या सुनेचं, मृणालचं, म्हणणं वेगळं होतं. तिने नातवाला, ईशानला, दुसरीनंतर शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. धाकटी मुक्ता तर शाळेत गेलीच नाही. तेव्हा ईशान नऊ वर्षांचा होता आणि मुक्ता सहाची. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरात रोज सकाळी दहाला जेवणाच्या टेबलाशी शाळा भरायची. धडा पंधरा मिनिटांचा. मृणाल एकदाच वाचायची, दुसऱ्यांदा कधीच नाही. मग पुस्तक मिटायचं आणि मुलांनी ऐकलेलं सगळं आपल्या शब्दांत, क्रमाने सांगायचं. पुन्हा वाचणार नाही हे ठाऊक असलं की मुलं आपोआप कान देतात, असं तिचं म्हणणं. आणि कंटाळा यायच्या आत थांबायचं, म्हणजे लक्ष थकत नाही.

मी मनातल्या मनात हसायची. पंधरा मिनिटं? आमच्या ग्रंथालयात पंधरा मिनिटं तर माणसाला बसायची जागा शोधायला लागायची.

यात खरी अडचण होती ती नानांची. नाना म्हणजे मृणालचे वडील, सांगलीचे, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून ते ईशानला पाढे विचारायचे. ईशान एकोणिसाच्या पाढ्यात एकोणीस चोक शहात्तरपर्यंत यायचा आणि थांबून म्हणायचा, नाना, तुमच्या मागच्या कॅलेंडरचं पान अजून गेल्याच महिन्याचं आहे. झालं. नाना फोन मृणालकडे द्यायला सांगायचे आणि मुलाचं लक्ष अजिबात नाही, हे घरी शिकवण्याचे परिणाम आहेत, असं दहा मिनिटं ऐकवायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी निकालच लावला. संक्रांतीला मी बडोद्याला येतो, म्हणाले. सकाळी दहाला मुलांची परीक्षा घेईन. समाधान झालं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये दोघंही शाळेत. माझा मुलगा अनिकेत तसा शूर आहे, केमिकल प्लँटमध्ये काम करतो, पण सासऱ्यांपुढे त्याची वाचा जाते. तो म्हणाला, नाना म्हणतील तसं. आणि मृणालने आयुष्यात कधी वडिलांचा शब्द मोडला नव्हता. फोन ठेवून ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की ती सोललेल्या शेंगाच पुन्हा सोलतेय.

ते बघून मला भरून आलं. (मला भरून आलं की घरातल्या माणसांनी जरा लांब राहावं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा नव्हतं.) मी म्हटलं, "मृणाल, दुपारचा एक तास मुलं मला दे. महिन्याभरात दाखवते तुला लक्ष काय असतं ते."

"आई, पण आमची पद्धत थोडी..."

"तुझी पद्धत तू सकाळी चालव. दुपारची माझी."

ती सासूला नाही म्हणणारी सून असती तर ही आठवण लिहायची वेळच आली नसती.

माझी पद्धत मी मोबाईलवर एका बाईंचे व्हिडिओ बघून तयार केली होती. त्या बाई सांगायच्या, मन चंचल असतं, त्याला बाहेरच्या आवाजांची सवय करा. आठ मिनिटांच्या व्हिडिओतली पहिली दोन मिनिटं मी बघितली. पुढचं आपल्याला येतंच, असं वाटून बंद केला! मुलांना समोर बसवलं, पुस्तकं दिली आणि मृणालचाच नियम उचलून म्हटलं, मी एकदाच सांगणार. काहीही झालं, कसलाही आवाज आला, तरी मान वर करायची नाही आणि मधे बोलायचं नाही. आज्जी मुद्दाम आवाज करेल. तो फसवायला आहे.

मग मी सुरू झाले. स्टीलची ताटं पाडली. कुकरची शिट्टी हाताने उचलून सोडली. पिपूडं वाजवलं. (पिपूडं म्हणजे उत्तरायणात मुलं वाजवतात तो कर्कश भोंगा. मी बाजारातून सगळ्यात मोठा निवडून आणला होता.) पहिल्या दिवशी मुक्ता इतकी हसली की तिला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी ईशानने विचारलं, की आज्जी, तूच एवढी गडबड केलीस तर तू वाचणार कधी? मी दुर्लक्ष केलं. मान वर न केल्यास दर वेळी एक तिळाची वडी, असा करार झाला. तिसऱ्या आठवड्यात मी ईशानच्या कानाशी पाच ताटं एकदम सोडली. शेजारच्या खोलीत ह्यांच्या हातातला चहा पेपरवर सांडला, आणि ईशानने शांतपणे पान उलटलं.

मला तर शिल्पकारालाही झाला नसेल एवढा आनंद झाला. मी सोसायटीत घरोघरी सांगितलं. समोरच्या हंसाबेन म्हणाल्या, "बहु सरस, बेन!" आणि त्यांच्या नातवाला माझ्याकडे पाठवायचं मात्र शिताफीने टाळलं.

नाना आदल्या दिवशीच आले. आता बडोद्यात उत्तरायण म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. त्या दिवशी शहर घरात राहतच नाही, गच्चीवर राहतं. सकाळी सहापासून प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपूडी आणि दर मिनिटाला "काप्यो छे!", म्हणजे पतंग कापला, अशी आरोळी. मृणाल आठलाच स्कूटर घेऊन निजामपुऱ्याला उंधियू (सणाची खास मिसळभाजी) आणि जलेबीच्या रांगेत उभी राहायला गेली होती. त्या दिवशी त्या रांगेत माणसं लग्नाचीसुद्धा बोलणी उरकतात, एवढा वेळ असतो. अनिकेतची शिफ्ट होती, प्लँटला सण नसतो. म्हणजे घरात मी, मुलं, हे आणि नाना.

चहा पिताना नाना म्हणाले, पतंग म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. ह्यांनी विचारलं, लहानपणी उडवलात का कधी? नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या गल्लीत माझा पतंग कुणी कापला नव्हता." एवढं म्हणून त्यांनी कानटोपी चढवली. दहाच्या आत खाली येऊ असं ठरवून पावणेदहाच्या सुमाराला दोघे जिन्याने गच्चीवर गेले. ह्यांचा मोबाईल चार्जिंगला होता. नानांनी स्वतःचा मुद्दाम खाली ठेवला, कारण पतंग उडवताना व्यत्यय नको.

मी काय करत होते? मी टेबलाशी परीक्षेची मांडणी करत होते. पुस्तकं सरळ रेषेत, ताटं हाताशी, माझा मोबाईल आवाज बंद करून खणात. नाना दहाला येतील तेव्हा मुलं वाचनात बुडालेली दिसावीत, म्हणून मी दोघांना दहा मिनिटं आधीच बसवलं. पण जिन्यातून स्पीकरचा असा दणदणाट येत होता, की मला माझीच शिकवण ऐकू येईना. मी तरातरा जिना चढले, गच्चीचं लोखंडी दार ओढलं, कडी घातली, वरचा बोल्टही सरकवला आणि खाली आले. बाहेर डोकावून बघितलं नाही. दार मुळात उघडं का आहे, हेही मनात आलं नाही. माझं सगळं लक्ष एकाग्रतेवर होतं!

दहा वाजले. नाना आले नाहीत. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आयुष्यभर पोरांना उशिरा आल्याबद्दल बाकावर उभं करणारा माणूस स्वतः उशिरा! दोघे कोपऱ्यावर फिरायला गेले असतील असं मी धरून चालले.

सव्वादहाला वरून धाड धाड आवाज येऊ लागला. मी म्हटलं, हंसाबेनच्या मुलाने नवा स्पीकर आणलाय, जरा जास्तच घुमतोय. (ते ह्यांचे दोन्ही तळहात आणि नानांची उजव्या पायातली चप्पल होती, हे नंतर कळलं.) ईशानचे कान लाल झाले, पण मान खालीच. मी वहीत लिहिलं, ईशान, उत्तम. मुक्ताने मात्र हात वर केला. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने थोड्या वेळाने पुन्हा हात वर केला. मी चष्म्यावरून तसं बघितलं, ग्रंथालयातल्यासारखं. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. मी लिहिलं, मुक्ता, सुधारणा आवश्यक.

साडेदहाला खिडकीसमोर एक पतंग वरून खाली लोंबू लागला. त्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं होतं, आणि अक्षर इतकं वळणदार, की क्षणभर माझंच लक्ष गेलं. पण मी स्वतःला सावरलं. शेजारच्या गच्चीवरच्या कुणा पोरांनी माझ्या वर्गाचं लक्ष उडवायला हा डाव टाकलाय, हे मी लगेच ओळखलं! मी जाऊन पडदा अर्धा ओढला. मुलांपुढे आदर्श नको का?

पाच मिनिटांनी खिडकीच्या उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागात एक कानटोपी खाली आली. मांज्याला बांधलेली, वाऱ्यावर हेलकावे खात, काचेवर टक् टक् आपटत. मला आश्चर्य एवढंच वाटलं, की नानांसारखी तपकिरी कानटोपी आमच्या सोसायटीत आणखी कुणी तरी घालतं. मी उरलेला पडदाही ओढून घेतला.

दरम्यान, वर दोघांनी समोरच्या गच्चीकडे बघून हात हलवायला सुरुवात केली होती. हंसाबेननी ते पाहिलं आणि आनंदाने त्याही हात हलवायला लागल्या. ह्यांनी बनियन काढून फडकवलं. हंसाबेनच्या अख्ख्या कुटुंबाने ओढण्या आणि टॉवेल फडकवले. तिसऱ्या गच्चीवरूनही टाळ्या आल्या. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "काका आजे तो जबरदस्त मूडमां हता!" इतक्या वर्षांत माणूस प्रथमच खुलला, याचं सगळ्या गल्लीला कौतुक.

सव्वाअकराला मृणाल उंधियूचा डबा घेऊन आली. आल्याबरोबर तिने विचारलं, नाना कुठे आहेत? परीक्षा झाली का? मी जरा दुखावल्या स्वरात सांगितलं, की तुझ्या वडिलांना वेळेची किंमत नाही, सव्वा तास मुलं ताटकळलीत, पण एकदाही मान वर केलेली नाही. बघ तू!

तिने बघितलं. दोन माना, पुस्तकात. ती हळूच म्हणाली, "ईशान, सकाळपासून काय काय झालं, सांग बघू."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. "आज्जी, आता बोलू?"

मी उदारपणे परवानगी दिली. मग तो मृणालच्या धड्यानंतर सांगतो तसा, एका सुरात, क्रमाने सांगू लागला.

"आधी आजोबा आज्जीला म्हणाले, आम्ही दोघं वर चाललोय, दार लोटू नकोस. आज्जी म्हणाली, बरं. मग आज्जी वर गेली, दार लावलं, कडी घातली. बोल्टपण. मग आजोबांनी दार वाजवलं, आधी हळू, मग जोरात. मग नानांनी चपलेने वाजवलं. नाना म्हणाले, विहीणबाई. अकरा वेळा म्हणाले. मग पतंग आला. मी नुसते डोळे वर केले, मान नाही. त्यावर लिहिलं होतं, कृपया दार उघडावे, आणि खाली सही होती. मग टोपी आली. आज्जीने पडदा लावला. टोपी अजून तिथेच आहे."

मुक्ता म्हणाली, "विहीणबाई बारा वेळा. एकदा तू पान उलटत होतास."

मी खुर्चीत बसले होते म्हणून वाचले. मला म्हणाले? ह्यांनी मला सांगितलं? आणि मी बरं म्हटलं? मला शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, की मला कुणी काहीही बोललेलं नाही! मृणाल डबा तसाच हातात धरून जिन्याकडे धावली. मी तिच्या मागे. बोल्ट मी इतका घट्ट बसवला होता, की तो काढायला दोघींचं बळ लागलं.

दार उघडलं. हे उघडेच उभे होते, बनियन हातात. माझ्याकडे न बघता ते मला ओलांडून खाली बाथरूमकडे गेले. त्यांच्या मागून नाना. कानटोपी नसल्याने त्यांचं टक्कल जलेबीच्या रंगाचं झालं होतं. खाली बाथरूम एकच होती, त्यामुळे नाना दाराबाहेर ताठ उभे राहिले, शाळेत प्रार्थनेला राहतात तसे. त्या पाच मिनिटांत माझ्या आयुष्यातले सगळे अपमान मला एकेक करून आठवले, आणि त्यातला एकही याच्या जवळपास नव्हता.

मग ते टेबलाशी येऊन बसले. मृणाल भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. परीक्षा सुरू व्हायच्या आधीच निकाल लागल्यासारखा दिसत होता, आणि तो माझ्यामुळे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर नानांनी मला हातानेच थांबवलं आणि मुलांकडे वळले. ईशानने मघाचं सगळं पुन्हा सांगितलं. शब्द बदलले, क्रम नाही. पतंगाचा रंग, सहीखालची रेघ, मधल्या काळात शेजारच्या स्पीकरवर किती गाणी बदलली ते. मुक्ताने दोन ठिकाणी दुरुस्त केलं. नाना ऐकत राहिले.

"सगळं ऐकलंत, पाहिलंत," ते म्हणाले, "मग सांगितलं का नाहीत?"

मुक्ता म्हणाली, "आज्जीने एकदाच सांगितलं होतं, काहीही झालं तरी मधे बोलायचं नाही. मी दोनदा हात वर केला. आज्जीने मला सुधारणा आवश्यक दिलं."

नानांनी माझी वही मागितली. वाचली. मिटली. हंसाबेनच्या गच्चीवरून कुणाचा तरी पतंग कापल्याची आरोळी आली आणि कुणीही मान वर केली नाही, मीसुद्धा.

"मृणाल," ते शेवटी म्हणाले, "चाळीस वर्षं मी मुलांना मान खाली घालायला शिकवलं. तू ऐकायला शिकवलंस. मुलं घरीच राहू देत." मृणालने डबा टेबलावर ठेवला आणि पदराचं टोक नसल्यामुळे ओढणीने डोळे पुसले. तेवढ्यात नानांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "पण या घरातल्या एका व्यक्तीला नियमित वर्गाची गरज आहे. विहीणबाई, उद्या सकाळी दहा वाजता."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. हेडमास्तर चेष्टा करत नाहीत. तेव्हापासून रोज दहाला मी मुलांच्या शेजारी बसते. धडा एकदाच वाचला जातो आणि मग मला आपल्या शब्दांत, क्रमाने सांगावा लागतो. ईशान आता पंधरा वर्षांचा झालाय, घरूनच दहावीला बसतोय, आणि वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे आलंय. परवा मुक्ताने नानांना फोनवर मोठ्या कौतुकाने कळवलं, की आज्जी आता सलग सात मिनिटं ऐकते. सहा वर्षांत सात मिनिटं! मी हिशोब केला. या वेगाने पंधरा मिनिटांचा अख्खा धडा माझ्या शहात्तराव्या वर्षी ऐकून होईल. तोवर मला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, तर कृपया मुलांना सांगून ठेवा.